ते मुद्दाम करत नाहीत

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. नाव ऑगुस्ट डेटर, नवरा रेल्वेत कारकून. तिला तपासणाऱ्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी पुढे जो शोधनिबंध लिहिला, त्यात तिच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण म्हणून विसरण्याचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो नवऱ्याबद्दलच्या संशयाचा. मग स्मरणशक्ती झपाट्याने ढासळली. स्वतःच्याच घरात ती वाट चुकू लागली, वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं वाटून किंचाळू लागली. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांनी पेशींमधले गुंते आणि पेशींबाहेर साचलेले प्रथिनांचे पुंजके नोंदवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या परिषदेत मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

म्हणजे ज्या रुग्णावरून या आजाराची जगाला ओळख झाली, तिच्या बाबतीत आधी बदललं ते वागणं. आपल्याकडे मात्र डिमेन्शिया म्हणजे विसरणं, एवढंच समीकरण पक्कं आहे. चष्मा कुठे ठेवला, नातवाचं नाव काय, हे आठवेनासं झालं की ‘वयोमानाप्रमाणे होतंच’ म्हणून घर ते चालवून घेतं. घर हादरतं ते पुढच्या गोष्टींनी. सुनेवर चोरीचा आळ, रात्री दोनला कपडे करून दाराशी उभं राहणं, अंघोळीला नेताना बसलेली चापट, जन्मात तोंडातून न निघालेली शिवी. मग एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मुद्दाम करतात हो. सगळं कळतं त्यांना.’

तसं नसतं. वागण्याची घडी विस्कटते ती मेंदूतल्या बिघाडामुळे. पण त्या वागण्याचा भडका कधी आणि कशाने उडणार, हे पुष्कळदा दुखऱ्या दाढेवर, खोलीतल्या उजेडावर किंवा आपल्या आवाजाच्या पट्टीवर ठरतं. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी बरीचशी आहे.

बिघाड कुठे, वागणं कसं

डिमेन्शिया हा एकच एक आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे येणारी ती अवस्था आहे. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख जण या अवस्थेत आहेत, असा अंदाज देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक जण घरातच सांभाळले जातात, आणि त्यांच्या वागण्याचा अर्थ लावण्याचं कामही घरच्यांवरच पडतं.

अल्झायमरमध्ये पहिला घाला पडतो तो हिप्पोकॅम्पस या भागावर. नवी आठवण पक्की करण्याचं काम त्याच्याकडे असतं. म्हणून १९६५ सालची वरात तपशीलवार सांगणाऱ्या आजींना दहा मिनिटांपूर्वीचं जेवण आठवत नाही. त्या पुन्हा पुन्हा तेच विचारतात, कारण त्यांच्या लेखी तो प्रश्न प्रत्येक वेळी पहिलाच असतो.

रक्तवाहिन्यांच्या दोषातून येणाऱ्या डिमेन्शियात उतरण अनेकदा पायरीपायरीने होते. लेवी बॉडी डिमेन्शियात नसलेल्या गोष्टी दिसतात: कोपऱ्यात बसलेली मुलं, अंथरुणावरची मांजर. शिवाय माणूस एका दिवशी लख्ख शुद्धीवर, तर दुसऱ्या दिवशी हरवल्यासारखा असतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात, ज्याचं पहिलं वर्णन प्रागचे डॉ. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये केलं, स्मरणशक्ती सुरुवातीला बरीच शाबूत असते. बिघडतो तो स्वभावच. मेंदूचा पुढचा भाग हा वागण्याचा ब्रेक असतो. तो निकामी झाला की मनात आलं ते तोंडात येतं. कालपर्यंत मोजूनमापून बोलणारा गृहस्थ लग्नाच्या पंगतीत परक्या बाईच्या दिसण्यावर शेरा मारतो, गोड खात सुटतो, बायको आजारी पडली तरी ढिम्म राहतो. हा प्रकार पन्नाशीतच गाठू शकतो, त्यामुळे घरच्यांना तो आजार वाटतच नाही. ‘म्हातारचळ’ म्हणावं तर वयही झालेलं नसतं.

आपल्याला काही झालंय याची जाणीव हरपणं, हादेखील आजाराचाच भाग असू शकतो. त्यांच्या दृष्टीने त्यांचं सगळं ठीकच असतं, आपणच उगाच मागे लागलेलो असतो. ‘तुम्हाला आठवत नाही ना, म्हणून सांगतोय’ हे वाक्य त्यांना अपमान वाटतं ते यामुळेच.

घरातल्या बाईला सगळ्यात जास्त बोचणारा प्रसंग आणखी वेगळा असतो. गावाहून दीर येतात, तासभर गप्पा होतात, आजोबा हसून चौकशी करतात, ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ म्हणतात. जाताना दीर म्हणतात, ‘वहिनी, आमच्याशी तर अगदी नीट बोलले की!’ पाहुण्यांची विचारपूस, नमस्कार, चहाचा आग्रह या आयुष्यभराच्या मुरलेल्या सवयी असतात, आणि त्या बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. तासभर त्या जोरावर वेळ मारून नेता येते. पण त्यासाठी मेंदूला फार ताण पडतो आणि पाहुणे गेल्यावर संध्याकाळी त्याची भरपाई घरच्यांना करावी लागते.

पाटल्यांची चोरी

आता एक प्रसंग जवळून पाहू. आजींच्या पाटल्या नाहीशा झाल्यात. ‘हिनेच घेतल्या,’ म्हणून त्यांनी सुनेकडे बोट दाखवलंय, किंवा ब्युरोतून येणाऱ्या मावशींकडे.

घडलेलं साधारण असं असतं. काहीतरी आपल्या हातून निसटत चाललंय, ही अस्वस्थता त्यांना सतत असते. म्हणून मौल्यवान वस्तू त्या जपून ठेवतात: तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, ठेवणीतल्या साडीच्या घडीत. ठेवल्याची आठवण मात्र तयारच होत नाही. उरते फक्त रिकामी पेटी. मेंदूला अशी रिकामी जागा सहन होत नाही, तो ती कारणाने भरून काढतो. वस्तू होती, आता नाही, मी काही केलेलं नाही. म्हणजे कोणीतरी नेली. आळ जवळच्याच माणसावर येतो, कारण खोलीत येणंजाणं त्याचंच असतं. जी सून दिवसरात्र करते तिच्यावरच संशय, आणि वर्षातून एकदा येणारी लेक मात्र गुणाची, ही तक्रार घरोघरी ऐकू येते ती यामुळे.

इथे पुरावे देऊन उपयोग होत नाही. ‘मी कशाला घेऊ? तुम्हीच ठेवल्या असतील!’ यातलं दुसरं वाक्य त्यांना खोटं आणि उद्दाम वाटतं. त्याऐवजी ‘सापडत नाहीत का? थांबा, आपण दोघी शोधू’ म्हटलं की आपण आरोपीच्या जागेवरून उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. शोधता शोधता जुन्या दागिन्यांची गोष्ट निघाली की पाटल्या मागे पडतात. नेहमीच्या लपवायच्या जागा घरच्यांनी टिपून ठेवाव्यात, कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी एकदा पाहावा, खरं सोनं लॉकरमध्ये ठेवून हातात एक ग्रॅमच्या पाटल्या घालाव्यात. आणि एक लक्षात असू द्यावं: डिमेन्शिया झालेल्या माणसाची खरोखरही फसवणूक होऊ शकते. म्हणून ‘त्यांचं काय ऐकायचं’ असं न म्हणता एकदा शांतपणे खातरजमा करावी.

आरशातली बाई परकी वाटणं, टीव्हीवरची माणसं घरात शिरली आहेत असं वाटणं, बायकोसारखी दिसणारी ही कोणी तोतया आहे असं ठाम वाटणं, हेही याच जातीचं. शेवटच्या प्रकाराचं वर्णन फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये केलं होतं. चेहरा ओळखू येतो, पण ओळखीची ऊब जाणवत नाही. मग मेंदू निष्कर्ष काढतो की हा माणूस तो नव्हेच. आरसा झाकता येतो, काचेच्या खिडकीवर रात्री पडदा ओढता येतो. बायकोने मात्र अशा वेळी भांडत न बसता काही वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन तिथून हाक मारावी. काही वेळा आवाजाने ओळख लवकर पटते.

‘मला घरी जायचंय’

दुपारचे चार-साडेचार वाजले की अनेक घरांत येरझाऱ्या सुरू होतात. पिशवी भरली जाते. ‘आई वाट बघत असेल, मला घरी सोडा.’ चाळीस वर्षं ज्या फ्लॅटमध्ये काढली, तिथेच उभं राहून हे चाललेलं असतं. उन्हं उतरताना वाढणाऱ्या या अस्वस्थतेमागे अनेक कारणं असतात: दिवसभराचा थकवा, शरीराच्या घड्याळातला बिघाड, लांबत जाणाऱ्या सावल्या, आणि घरातली धावपळ. याच वेळेला मुलं शाळेतून येतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, दिवसाच्या मावशी जाऊन रात्रीच्या येतात.

‘हेच तर तुमचं घर’ हे उत्तर पत्त्यापुरतं बरोबर आहे. पण त्यांना हवं असतं ते घर बहुधा बालपणातलं, जिथे सगळं ओळखीचं होतं आणि आपली काळजी घेणारं माणूस होतं. तेव्हा त्या घराबद्दलच विचारावं. अंगण केवढं होतं, विहीर होती का, गोठ्यात कोण असायचं? दिवेलागणीची वाट न पाहता अर्धा-पाऊण तास आधीच भरपूर दिवे लावावेत, टीव्हीवरच्या बातम्या बंद कराव्यात, हाताला काम द्यावं. लसूण सोलणं, वाती वळणं, शेंगा फोडणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. त्या घड्या नीट आल्या नाहीत तरी चालतील. दुपारची झोप आटोपशीर ठेवावी आणि चारनंतरचा चहा हळूहळू सोडवावा.

या मागे जाण्यात भाषाही मागे जाते. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी ओसरते, लहानपणची टिकून राहते. सीमाभागातून पुण्याला आलेल्या आजी कन्नडमध्ये बोलू लागतात, मालवणातले आजोबा मालवणीवर येतात. परदेशात मुलांकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण तिथल्या शुश्रूषा केंद्रातला कर्मचारी इंग्रजीत विचारतो आणि उत्तर मराठीत येतं. त्याला ते असंबद्ध बडबडणं वाटतं. ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘लघवी’ असे वीसेक शब्द तिथल्या लिपीत लिहून पलंगाशी लावले, तरी बराच आरडाओरडा टळतो.

घराबाहेर निघून जाणं ही याच्या पुढची पायरी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे विद्वान डॉ. चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत निघून जातात. मुलीची घालमेल तर दिसतेच, पण माहुताच्या बायकोने या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळलेलं पाहून या आजाराबद्दल बरंच काही कळतं. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नसते, म्हणून ती हरवल्याचं दुःखही नसतं. समोर आहे त्या माणसाला ती जेवू घालते. शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. प्रत्यक्षात निघून जाण्यामागे पुष्कळदा जुनी सवय असते. आयुष्यभर पहाटेच्या ड्युटीला गेलेला एसटीचा चालक पहाटेच उठून निघतो. खिशात नाव-नंबराची चिठ्ठी, शिवलेलं लेबल किंवा गळ्यात लॉकेट, कडी नेहमीच्या जागेऐवजी वर किंवा खाली, वॉचमन, इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांना दिलेली कल्पना, आणि दिवसातून एकदा कोणाच्या तरी सोबतीने मनसोक्त चालणं, एवढी तयारी हवीच.

प्रसंग विसरतो, भावना राहते

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या लोकांना काही दुःखी, काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात अनेकांना काय पाहिलं ते आठवेना, पण दुःख किंवा आनंद मात्र मनात रेंगाळत राहिला. ज्यांना चित्रफीत कमी आठवली, त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. दुःखाचं कारणच आठवत नसेल, तर त्यावर मन समजावणार कसं?

‘पाच मिनिटांत विसरतील’ म्हणून खेकसणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावं. खेकसणं विसरलं जातं. त्यातून आलेली भीती राहते आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताट ढकलण्यातून बाहेर येते. ‘हिला बोलाव’ म्हणणाऱ्या आजोबांना ‘आजी जाऊन सहा वर्षं झाली’ असं दर वेळी सांगणं म्हणजे दर वेळी नव्याने विधुर करणं. मग खोटं बोलायचं का? दर वेळी तशी गरज पडत नाही. ‘तिची आठवण येते ना? तिच्या हातची पुरणपोळी कशी असायची!’ यात खोटं काही नाही आणि त्यांच्या मागणीतली ओढ मात्र ओळखलेली आहे.

अंघोळीची लढाई

मारझोड होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती अंघोळीच्या वेळी. त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर नवल वाटत नाही. फरशी गार आणि चकाकती. खोली-उंचीचा अंदाज बिघडलेल्या डोळ्यांना ती पाण्यासारखी दिसते. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं. कोणीतरी अनोळखी बाई साडीला हात घालते आहे, आणि अचानक डोक्यावरून तांब्या. कोणीही हात उगारेल.

आधी बाथरूम गरम करावी. पाटाऐवजी हात असलेली प्लास्टिकची खुर्ची घ्यावी. अंगावर मोठा पंचा ठेवून त्याखालून एकेक भाग धुवावा. सुरुवात पायांपासून, डोकं अगदी शेवटी, तेही रोज नको. तांब्या त्यांच्याच हातात द्यावा. ‘चला, अंघोळ करून घ्या’ या एका हुकमात वीस कामं असतात, म्हणून एका वेळी एकच सांगावं, ‘हा हात पुढे करा.’ अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये अशी माणूस पाहून घातलेली अंघोळ किंवा पलंगावरच ओल्या टॉवेलने पुसून घेणं, असे दोन्ही उपाय तपासले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हींनी मारामारीचे प्रसंग लक्षणीय कमी झाले. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला नियम आहे, आजाराचा नव्हे. एक दिवस अंग पुसून भागतं.

अचानक बदल झाला तर

आतापर्यंतचे बहुतेक बदल महिन्यामहिन्यांनी होतात. पण काल बरा असलेला माणूस आज भलतंच बरळतोय, झोपेत किंवा गुंगीत आहे, कपडे फाडतोय, तर डिमेन्शिया वाढला असं म्हणून थांबू नये. हा बहुधा शरीरातल्या दुसऱ्या बिघाडाचा परिणाम असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट असते. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, पडल्यामुळे लागलेला मार ही नेहमीची कारणं. नव्याने सुरू झालेली गोळीही कारण असू शकते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची काही औषधं, वारंवार लघवीसाठीची काही औषधं वृद्ध मेंदूला सोसत नाहीत.

दुखणं सांगता येत नसेल तर ते वागण्यातून बाहेर येतं. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्वस्थ, चिडणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना पायरीपायरीने वेदनाशामक उपचार दिले. त्यातल्या बहुसंख्यांना साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा चिडचिड वाढली की आधी दात, कवळी, गुडघे, पायाची नखं, पोट पाहावं. कानाच्या यंत्राची बॅटरी आणि चष्माही तपासावा.

‘शांत राहतील अशी गोळी द्या’ ही मागणी समजण्यासारखी आहे, पण जोखमीची आहे. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. लेवी बॉडी प्रकारात तर ती अंगावर भयंकर उलटू शकतात. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, दुसरे उपाय थकले असतील, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर ती कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी देतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर आणू नयेत.

न दिसणारा बदल

अल्झायमरमध्ये वागण्यातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या बदलांपैकी एक म्हणजे निरुत्साह. माणूस तासन्‌तास खुर्चीत बसून राहतो, पेपर उघडत नाही, नातवंडं आली तरी मान वर करत नाही. याची तक्रार मात्र कोणी करत नाही. उलट ‘आता बरेच शांत झालेत’ असं कौतुकाने सांगितलं जातं. डॉक्टरांकडे पोहोचतं ते वागणं, ज्याचा आपल्याला त्रास होतो. ज्याचा त्रास फक्त त्यांना होतो, ते सुटून जातं. त्यात उपचार होण्याजोगं नैराश्यही दडलेलं असू शकतं. ‘काय करायचंय?’ असं विचारून असा माणूस उठत नाही. हाताला धरून गॅलरीत न्यावं लागतं, झारी हातात द्यावी लागते.

हे सगळं एकट्या माणसाने करायचं नसतं. आपल्याकडे ते सून, बायको किंवा लेक यांपैकी एकीच्याच गळ्यात पडतं आणि तिचा तोल गेला की तिलाच दोष दिला जातो. आठवड्यातून ठरलेले काही तास दुसऱ्याने जबाबदारी घेणं ही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे, रुग्णाच्या उपचाराचाच तो भाग आहे. केरळमधल्या कुन्नमकुलममध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या अनेक शहरांत शाखा आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत.

आणि घरात एक वही ठेवावी. प्रत्येक प्रसंगाला चार रकाने: किती वाजले होते, त्याआधी काय चाललं होतं, समोर कोण होतं, कशाने निवळलं. आठवडाभराच्या नोंदीतच एखादी गोष्ट डोळ्यांत भरते. मंगळवार-शुक्रवारच्या चिडचिडीचं मूळ दोन दिवस साफ न झालेल्या पोटात सापडतं, संध्याकाळच्या ओरडण्याचं मूळ मावशींच्या बदलण्यात. डॉक्टरांनी ‘काय त्रास आहे?’ विचारल्यावर ‘फार त्रास देतात’ असं सांगितलं, तर हातात गुंगीची गोळी पडण्याचीच शक्यता जास्त. ‘नवी गोळी सुरू झाल्यापासून रोज पाचनंतर, लघवीला जाऊन आल्यावर ओरडतात’ असं सांगितलं, तर डॉक्टर लघवी तपासायला पाठवतात.